निगेटिव्हला व्हिनेगरचा वास येतोय? आधी तीच स्कॅन करा

नागपूर : लग्नाचा अल्बम वाळवीने खाल्ला, स्टुडिओही बंद झाला, पण माळ्यावरच्या पाकिटात निगेटिव्ह शिल्लक आहेत. मग फोटो अजून हातचा गेलेला नाही. घरच्या घरी स्कॅन करून त्यावरून नवी प्रिंट काढता येते. मात्र उशीर नको.

घाई कशासाठी?
जुन्या कॅमेऱ्यांच्या बहुतेक फिल्मचा पाया सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असतो. उष्णता आणि दमटपणामुळे त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते. व्हिनेगरसारखा वास त्याचाच. पुढे फिल्म आक्रसते, वाकडी होते आणि प्रतिमेचा थर सुटतो. २१ अंश तापमान व ५० टक्के आर्द्रतेतही नव्या फिल्मला सुमारे ४० वर्षांत व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि कूलर खोलीत दमट हवा सोडत असतो. झालेले नुकसान भरून निघत नाही. वास येणाऱ्या पट्ट्या इतरांपासून वेगळ्या ठेवा. त्यांच्या वाफेने शेजारच्याही बिघडतात.

साधा स्कॅनर का चालत नाही?
प्रिंटरवरचा स्कॅनर कागदावरून परावर्तित झालेला प्रकाश टिपतो. निगेटिव्हमधून प्रकाश आरपार जावा लागतो. त्यासाठी झाकणात दिवा असलेला फिल्म स्कॅनर हवा, नाहीतर मोबाइल.

मोबाइलने कसे कराल?
- टॅबलेटवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, ब्राइटनेस वाढवा. त्यावर दोनेक सेंटीमीटर उंचीवर दुधी अ‍ॅक्रिलिक ठेवा, नाहीतर स्क्रीनचे ठिपके फोटोत येतात.
- निगेटिव्ह कडेने धरा. धूळ हवेच्या पंपाने उडवा. ओले फडके नको.
- चकचकीत बाजू वर ठेवा. कडेची अक्षरे सरळ वाचता आली, तर बाजू बरोबर.
- खोलीतले दिवे बंद करा. मोबाइल पुस्तकांच्या दोन सारख्या थप्प्यांवर आडवा ठेवून टायमरने फोटो घ्या.

रंग कसे सुधाराल?
रंगीत निगेटिव्ह नारिंगी दिसते, म्हणून नुसती उलटवली की फोटो निळसर होतो. फोटो घेताना दोन फ्रेममधली कोरी पट्टीही येऊ द्या. एडिटिंगमध्ये व्हाइट बॅलन्स त्या पट्टीवर लावा, मग इन्व्हर्ट करा. कृष्णधवल फिल्म स्कॅनरवर घेताना धूळ काढणारा इन्फ्रारेड पर्याय बंद ठेवा. फिल्ममधली चांदी ते किरण अडवते आणि फोटो बिघडतो.

किती डीपीआय?
३५ मिमी फ्रेम २४ बाय ३६ मिमीची असते. चांगल्या प्रिंटसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर १२०० डीपीआयवर जेमतेम ४ बाय ६ इंच, २४०० वर साधारण ७.५ बाय ११ इंच प्रिंट निघते. अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यातल्या १२० फिल्मची चौकोनी फ्रेम मोठी. तिची १२०० डीपीआयवरच ८ बाय ८ इंच प्रिंट होते.

नंतर काय?
मूळ स्कॅन टिफ फाइलमध्ये ठेवा आणि बदल प्रतीवर करा. फाइल दोन ठिकाणी साठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' निवडा, नाहीतर फोटो दाबला जातो. स्कॅन झाले तरी निगेटिव्ह फेकू नका. कागदी पाकिटात घालून कूलरच्या झोतापासून दूर, कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. स्लॅबखाली तापणाऱ्या माळ्यावर मात्र परत नको.