उभ्या उभ्या

ट्रॅक्टरला हात लावण्याआधी मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला. "चालता चालता बसलंय, का उभ्या उभ्या?"

मला काही कळलं नाही. आबा म्हणाले, "उभ्या उभ्या."

"मग बघू," म्हणत मिस्त्रींनी पान्यांची पिशवी खाली ठेवली. आबांनी दुसरं उत्तर दिलं असतं, तर बहुतेक ती गाडीलाच अडकलेली राहिली असती.

या प्रश्नात अर्धं निदान असतं, हे पुढच्या आठ दिवसांत कळलं. चालत्या इंजिनातलं तेल संपलं किंवा रेडिएटर कोरडा पडला, की ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि वितळून सिलेंडरच्या आतल्या लायनरला फासला जातो. त्याला तेल पाजून उपयोग नसतो. उभ्या उभ्या जाम झालेल्या इंजिनात दोष बहुधा गंजाचा असतो. पिस्टन गंजत नाही. गंजतात त्याच्या रिंगा आणि लायनर, दोन्ही बिडाचे. रिंग बनवलेलीच अशी असते, की तिने सतत बाहेरच्या बाजूने लायनरला दाबून राहावं. आणि गंज ज्या लोखंडातून होतो, त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. मुळात मोकळी फट नाही, त्यात गंज फुगला, की दोन्ही एकजीव.

आमचा ट्रॅक्टर मॅसी फर्ग्युसन दहा-पस्तीस. चेन्नईच्या टॅफेचा, आत सिम्प्सनचं तीन सिलेंडरचं डिझेल इंजिन, मूळ घडण इंग्लंडच्या पर्किन्सची. मोहोळ तालुक्यातलं सीनेकाठचं आमचं रान यानेच नांगरलं. मग वाटण्या झाल्या. जमीन वाटली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, बैल विकले. ट्रॅक्टर मात्र सामायिक राहिला आणि बांधावरच्या लिंबाखाली उभा राहिला. चुलतभावाने पुढे स्वतःचा नवा घेतला. आमच्याकडे मी पुण्याला, आबा थकलेले. मॅसी सहा पावसाळे तिथेच.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. त्याची वाट बघण्यात इथल्या माणसाचा जन्म जातो, आणि इंजिन बसलं ते पावसानेच. मॅसीचा सायलेन्सर बॉनेटशेजारून उभा वर जातो. उभ्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर पत्र्याचा रिकामा डबा पालथा घालायचा, हे इथल्या पोरालाही माहीत असतं. आमच्या मॅसीवरचा डबा कधीतरी वळवाच्या वाऱ्यात उडाला. तो परत घालायचं काम चुलतभावाकडच्यांचं, असं आम्हाला वाटलं. आमचं, असं त्यांना. मग २०२० च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने भीमा-सीनेकाठी जो धुमाकूळ घातला, त्यातही सायलेन्सर आभाळाकडे तोंड करून उघडाच होता.

"पण व्हॉल्व्ह बंद असतात ना?" मी विचारलं.

मिस्त्रींनी तीन बोटं वर केली. "तीन हायती. एक तरी उघडा ऱ्हातोयच."

मी नंतर हिशेब मांडला. क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, प्रत्येक सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह साधारण एक तृतीयांश वेळ उघडा असतो, आणि तिघांच्या पाळ्या २४० अंशांच्या अंतराने येतात. म्हणजे इंजिन कुठेही थांबलं, तरी कुणा एकाचं दार जवळजवळ नेहमीच उघडं. मिस्त्रींची तीन बोटं बरोबर होती.

एव्हाना चुलतभाऊ येऊन उभा राहिला होता. "माझा लावतो की टोचन. टॉपमध्ये टाकून वढला, की झक मारत फिरंल."

"वढू नका," मिस्त्री म्हणाले. "मागची चाकं फिरली की समदा जोर क्रँकवर येणार. दोन पिस्टन निघतील, तिसरा न्हाई म्हनंल. रॉड वाकंल. आत्ता रिंगांचं काम हाय, मग फुल इंजिनचं व्हईल."

आधी त्यांनी इंजिन खरंच जाम आहे का, ते तपासलं. सेल्फ उतरवला, कारण त्याची पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकली, तरी इंजिन असंच निपचित पडतं. फॅनबेल्ट काढला. मग चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीचा, नट अगदी सावकाश ढिला केला. तेलापेक्षा पाणी जड, म्हणून ते तळाशी बसतं. आधी धारेने पाणी आलं, मग तांबूस गाळ, आणि मग काळं तेल. मिस्त्री पाण्याची धार संपेपर्यंत घमेल्याकडे बघत बसले. "लई प्यालंय," एवढंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत नोझल, रॉकर आणि हेड उतरलं. रेडिएटरकडून एक, दोन, तीन असे सिलेंडर मोजायचे. एकमध्ये पिवळट डाग, दोनमध्ये नुसता काळा कार्बन. ड्रायव्हरकडच्या तिसऱ्यात पिस्टन मध्यावर थांबलेला, त्यावर विटकरी चिखल आणि भोवतीची भिंत तांबड्या खपल्यांची. तो मध्यावर होता, हे आमचं नशीब. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली असता, तर रॉड आणि क्रँक एका रेषेत येतात; वरून कितीही ठोका, मार सरळ बेअरिंगवर जातो, क्रँक फिरत नाही.

आधी मोकळ्या भिंतीवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला. "पिस्टन सुटून जानार कुठं? वाट नको का?" मग निम्मं डिझेल आणि निम्मं पॉवर स्टेअरिंगचं पातळ तेल असं मिश्रण तिन्ही सिलेंडरांत ओतलं आणि वर गोणपाट टाकलं. पूर्वी यात रॉकेल असायचं; आता ते कुठे मिळतं?

सकाळी एक आणि दोनमधलं तेल उतरलेलं होतं. तीनमध्ये रात्री होतं तितकंच. ज्याच्या कडेने तेल झिरपत नाही, तोच अडकलाय. मिस्त्रींना बोट दाखवायचीही गरज पडली नाही.

पुढचे चार दिवस बघणाऱ्याला काम दिसलं नसतं. बाभळीचा एक ठोकळा त्यांनी पिस्टनच्या मापाचा गोल करून आणला होता, खालून मधोमध कोरलेला; या पिस्टनच्या माथ्यावर मध्ये डिझेल जळायची वाटी असते, तिच्यावर मार पडू नये म्हणून. सकाळी दहा ठोके, संध्याकाळी दहा. घण बाजूलाच पडलेला, हातात साधी हातोडी. ठोक्याने पिस्टन हलावा ही अपेक्षाच नव्हती. प्रत्येक ठोक्याने गंजाला केसाएवढी चीर जाते आणि तेल त्या चिरेत आपणहून शिरतं. एप्रिलचं ऊनही कामाला लागलं होतं. दुपारी बीड हात लावू देत नव्हतं आणि तापलेलं तेल आणखी पातळ होऊन आत सरकत होतं. आम्ही लिंबाखाली चहा पीत होतो. चुलतभाऊ रोज यायचा. तिसऱ्या दिवशी डिझेलचा कॅन त्याने आणला.

पाचव्या दिवशी सेल्फच्या भोकातून फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी घातली. पुढच्या पुलीवर खडूची रेघ मारून मला तिच्यासमोर बसवलं. मिस्त्रींनी जोर लावला. काही नाही. मग उलट्या दिशेने. रेघ हलली, ज्वारीच्या दाण्याएवढी असेल. "हलली!" मी ओरडलो. वाटलं, आता जोरात पुढे ढकलतील. त्यांनी टॉमी काढून घेतली आणि पुन्हा तेल ओतलं.

त्यानंतर नुसती ये-जा. अडेपर्यंत पुढे, तिथून मागे, पुन्हा तेल. अडलेल्या जागी रेटलं, तर सुटलेला गंज रिंगेखाली दाटतो आणि रिंग तुटते. मागे घेतलं तर तो तेलात धुऊन निघतो. दाण्याची शेंग झाली, शेंगेची वीत. दुपारी तीनच्या सुमारास क्रँकने पहिली फेरी पुरी केली, खरवडल्यासारखा आवाज करत.

मी सेल्फकडे बघितलं. मिस्त्री हसले. "आत्ता कुठं उघडायचं काम आलं."

सुटलेलं इंजिन म्हणजे दुरुस्त इंजिन नव्हे. मॅसीला वेगळी चासी नाही; इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल एकमेकांना जोडून ट्रॅक्टरचा कणा होतो. १९१७ च्या फोर्डसनपासून चालत आलेली ही पद्धत. त्यामुळे बिडाचं जड चेंबर उतरवायचं, तर आधी ट्रॅक्टर घोड्यांवर तोलावा लागतो. तो तोलला, रॉडच्या टोप्या सोडल्या आणि पिस्टन वरून बाहेर काढले. तिसऱ्याची वरची रिंग दोन तुकड्यांत हातात आली. लायनरवर मिस्त्रींनी अंगठ्याचं नख फिरवलं, ते एका जागी अडलं. "गेला." झेटरसारख्या ट्रॅक्टरमध्ये लायनर थेट पाण्यात उभा असतो, तुलनेने सहज निघतो. आमचा कोरडा, ब्लॉकमध्ये घट्ट दाबून बसवलेला. त्यासाठी ब्लॉक सोलापूरला न्यावा लागला. सोबत नव्या रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आणि तपासलेले नोझल आले.

आठव्या दिवशी स्टॉप ओढून धरून नुसता सेल्फ मारला, तेल सगळीकडे पोचावं म्हणून. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली. मग आबा सीटवर चढले. पांढरा धूर, एक ढेकर, पुन्हा धूर. आणि मग तो ठेका, ज्यावर मी लहानपणी मडगार्डवर बसून झोपी जायचो.

बिल हाती देताना मिस्त्री म्हणाले, "चालून बिघडलं तर मी हाय. उभं करू नका. महिन्यातनं एकदा तरी चालू करा."

कुणी करायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. दुपारी सायलेन्सर गार झाल्यावर चुलतभाऊ घरातून तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घेऊन आला. आबांनी गोठ्यातली तार काढून दिली. या वेळी डबा नुसता पालथा घातला नाही, तारेने सायलेन्सरला बांधला.