ऊर्जा घटली की वेदना का वाढते?

पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या कर्करोगावरचे नेहमीच्या वापरातले औषध. मुळात ते पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून मिळाले. गाठीवर ते चांगले चालते, पण केमोची सत्रे वाढतात तशा अनेकींच्या पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात, मग बधिरपणा, मग आग. पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, आणि चादरीचा स्पर्श मात्र सोसत नाही. उपचार संपल्यावर बऱ्याच जणींचा त्रास ओसरतो. काहींचा वर्षानुवर्षे टिकतो. वरून पाहिले तर ना जखम, ना सूज.

या दुखण्याचा एक धागा मायटोकॉन्ड्रियांपाशी जातो. शाळेत ‘तंतुकणिका, पेशीचे ऊर्जाकेंद्र’ असे पाठ करून आपण ज्यांना विसरतो, त्याच या.

पायाच्या बोटातली संवेदना वर कळवणारी चेतापेशी कमरेजवळ, मणक्याच्या बाजूला असते. तिचे मुख्य अंग मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढे, आणि तंतू जवळजवळ १ मीटर लांब. पेशी लाडवाएवढी धरली तर तंतू १ किलोमीटरचा होईल! नव्या मायटोकॉन्ड्रियांना एवढे अंतर सूक्ष्मनलिकांवरून सरकत कापावे लागते. पॅक्लिटॅक्सेल याच सूक्ष्मनलिकांना जखडते. कर्करोगाची पेशी दुभंगू न देण्याची त्याची रीतच ती. शिवाय मेंदूला रक्तातल्या द्रव्यांपासून जसा आडोसा असतो, तसा या चेतापेशींना नसतो.

सारा फ्लॅटर्स आणि गॅरी बेनेट या संशोधकांनी २००६ मध्ये हे औषध दिलेल्या उंदरांच्या चेता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. सूक्ष्मनलिका जागच्या जागी होत्या. फुगलेल्या, आत पोकळ्या पडलेल्या मायटोकॉन्ड्रिया मात्र ठिकठिकाणी दिसल्या.

आता खरा पेच. ऊर्जा कमी पडली तर चेता गप्प व्हायला हवी. ती उलट ओरडते का?

कारण चेतेला शांत राहायलाच ऊर्जा लागते. तिच्या पटलातले पंप एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याचा, एक रेणू खर्चून सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे २ आत घेतात. हे अखंड चालते, म्हणून आत-बाहेर विद्युतभाराचा फरक टिकतो. एटीपी आटले की पंप मंदावतात, फरक घटतो, आणि कोणी डिवचलेले नसताना चेता संदेश सोडू लागते. मेंदूला तो वेदना म्हणूनच पोचतो. त्यात बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियांतून ऑक्सिजनची उग्र संयुगे गळतात आणि वेदनेचे ग्राहक आणखी चेतवतात. बधिरपणा आणि आग एकाच पायात कशी नांदतात, हेही इथे उलगडते: त्वचेतली काही टोके झडून जातात, उरलेली बडबडतात.

मग मायटोकॉन्ड्रियांना बळ द्यावे, हा विचार सरळच होता. असिटिल-एल-कार्निटिन या द्रव्याने उंदरांची वेदना टळली. पण अमेरिकेत ४०९ स्त्रियांवर चाचणी झाली तेव्हा २४ आठवड्यांनंतर ते घेणाऱ्यांचा चेतांचा त्रास, नुसती रिकामी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला. २०१३ चा हा निकाल मला या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे ‘नसांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत हेच द्रव्य असते. केमो चालू असताना त्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. केमोनंतरच्या या वेदनेवर चाचणीत उपयोगी ठरलेले औषध ड्युलोक्सेटिन, आणि त्याचाही गुण माफकच.

संशोधनाचा रोख त्यानंतर बदलला. २०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथल्या गटाने उंदरांत दाखवले की दाह ओसरताना मॅक्रोफेज या प्रतिकारपेशी चेतापेशींपाशी येतात आणि स्वतःच्या मायटोकॉन्ड्रिया त्यांना देतात. या प्रतिकारपेशी काढून टाकल्या तर वेदना रेंगाळते. म्हणजे वेदना शमणे हीसुद्धा एक क्रिया आहे, आणि ती अडू शकते. जुनाट दुखण्याकडे बघण्याची ही दिशा मला जास्त खरी वाटते.

निरोगी मायटोकॉन्ड्रिया बाहेरून पोचवाव्यात, असा आता प्रयत्न आहे. कर्करोगाच्या रुग्णांत मात्र तो जपून करावा लागेल. २०२५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले की चेतापेशी आपल्या मायटोकॉन्ड्रिया स्तनाच्या कर्करोगपेशींनाही देतात, आणि ज्यांना त्या मिळतात त्या शरीरात दूरवर पसरताना जास्त तग धरतात.