राधिकेचा मसाला

ओरोसमध्ये वैशाखात मालवणी मसाला कुटण्याची लगबग सुरू झाली, की झी मराठीवरील ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६–२०२१) ही मालिका आठवते. गुरुनाथ शनायाच्या मागे गेला आणि राधिकेचा संसार मोडला. नागपूरची ही गृहिणी ठाण्यात खचून बसली नाही. हाताला ठाऊक असलेला मसालाच तिने विकावयास काढला. त्या व्यवसायाची पुढे ३०० कोटींची कंपनी झाली, तेव्हा आपल्यासारख्या व्यापारी घरांत हसू उमटले. उधारी नाही, वसुली नाही, असा कोणता धंदा असतो! तरी तिची पहिली पायरी खोटी नव्हती. गुरुनाथ मात्र संसार मोडल्यावरही तिच्या पैशावरच डोळा ठेवून राहिला. राधिकेने पुढे सौमित्रशी विवाह केला.

आपल्या कित्येक सुना गल्ल्यावर बसतात, खतावणी लिहितात, गिऱ्हाईक जोडतात. उद्या दुर्दैवाने घर दुभंगले, तर त्या श्रमाचा हिशेब कोणत्या पानावर सापडेल? येत्या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी भागीदारीपत्रही बाहेर काढून त्यावरील नावे वाचावीत. राधिकेच्या मसाल्यावर राधिकेचेच नाव होते.