रोज ६० किमीचा प्रवास: जुनी गाडी घेताना ‘अ‍ॅव्हरेज’च्या पलीकडे काय पाहाल?

घर नाशिकमध्ये आणि नोकरी सिन्नर, गोंदे किंवा दिंडोरीला, असा अनेकांचा दिनक्रम असतो. दुचाकीवर ऊन, पाऊस आणि महामार्गावरचे ट्रक सोसून झाले की चार-पाच लाखांत सेकंडहँड गाडी घ्यायचा विचार सुरू होतो. मग पहिला प्रश्न ठरलेला, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ पण इंजिनाचे एकच मोठे काम निघाले, तर वर्षभर वाचवलेले इंधनाचे पैसे त्यात जातात.

आधी स्वतःचे किलोमीटर मोजा

नाशिक ते सिन्नर जाऊन-येऊन सुमारे ६० किमी. महिन्याचे २५ दिवस धरले तर १,५०० किमी. पेट्रोल १०० रुपये लिटर आणि गाडी लिटरला १८ किमी देते असे धरले, तर महिन्याला साधारण ८,३०० रुपये लागतील. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २५ किमी धरले, तर ५,४०० रुपये. फरक २,९०० रुपयांचा. म्हणजे सीएनजी गाडीला ७० हजार जास्त मोजले, तरी ते दोन वर्षांत वसूल होतात. रोजचा प्रवास १५ किमीच असेल, तर मात्र बचत महिन्याला जेमतेम सातशे रुपयांची. तिथे साधी पेट्रोल गाडीच बरी.

कंपनीचा आकडा या हिशेबात धरू नये. वॅगन आर सीएनजीचा प्रमाणित आकडा किलोला ३४.०५ किमी आहे. एसी, गर्दी आणि मोहदरी घाटाचा चढ धरून बराच कमी आकडा गृहीत धरलेला बरा.

सीएनजी गाडीत डिकी जवळपास सिलिंडरच खातो, चढावर ताकद कमी पडते आणि पंपावर रांगेत थांबावे लागते. किट कंपनीचे असेल तर उत्तम. बाहेरून बसवलेले असेल, तर आरसीवर त्याची नोंद हवीच. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते; शेवटची कधी झाली, ते प्रमाणपत्र मागून पाहा.

पेट्रोल गाडीसाठी एक नवा मुद्दा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. त्यांचे अ‍ॅव्हरेज काही टक्क्यांनी घटते, इंधनमार्गातले रबरी भागही तपासून घ्यावे लागतात.

स्वस्त डिझेलचा मोह

मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, तरी जुन्या डिझेल स्विफ्ट आणि डिझायरला अजून गिऱ्हाईक आहे. महामार्गावर त्या खरोखर कमी खातात. मात्र इंजेक्टर किंवा टर्बोचे काम निघाले, तर खर्च मोठा. दिल्ली पासिंगची डिझेल गाडी फारच स्वस्त मिळत असेल, तर त्यामागे तिथल्या दहा वर्षांच्या नियमाचे कारण असू शकते. इथे आणल्यावर एनओसी, नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर हे सगळे धरून किंमत पाहा.

मॉडेलपेक्षा ही एक गाडी कशी आहे?

मीटरवर ४० हजार किमी दिसतात, पण क्लचचे पेडल आणि स्टेअरिंग झिजून गुळगुळीत झाले आहे? मग शंका घ्या. गाडीचा नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढता येतात. तिथले किलोमीटर मीटरशी जुळले पाहिजेत. टायरवरचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस वाढते पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपत आला आहे. आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत असेल तर फारच चांगले.

पैसे देण्याआधी

‘एमपरिवहन’ अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची आणि विम्याची मुदत पाहा. थकीत ई-चलनही तपासा, नाहीतर ते निस्तरायची वेळ तुमच्यावर येते. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की नाव बदलण्याचा अर्ज लगेच करा. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा असतो. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागेल. सौदा ठरवतानाच तो खर्चात धरा.