जंजिऱ्याचे बळ घाटावर

सतराव्या शतकातील कोकण किनाऱ्यावरच्या आरमारांची तुलना बहुधा गलबते मोजून होते. सभासद बखर मराठ्यांची जहाजे शेकड्यांनी मोजते. १६६५च्या बसरूर स्वारीत ८५ लहान गलबते आणि ३ मोठी जहाजे होती, असे इंग्रजांच्या पत्रांत आहे. संख्येत मराठे कमी नव्हते, तरी सिद्दींचा जंजिरा पडला नाही. याचे कारण मुरूडच्या खाडीत शोधून पुरते सापडत नाही. आरमाराला पैसा, आसरा आणि सवड देणारी जमीन कोणाच्या हाती होती, हे आधी पाहायला हवे. सिद्दीच्या पाठीशी असलेली जमीन होती मोगलांची: सुरत बंदर आणि औरंगाबादेचे दख्खन.

औरंगाबाद आणि जंजिऱ्याचे बेट एकाच निजामशाहीत होते. १६१०मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर हबशी, जंजिऱ्याचे सिद्दीही हबशीच. १६३६मध्ये निजामशाही बुडाल्यावर जंजिरा आदिलशाहीकडे गेला, आणि विजापूरची ताकद ओसरली तेव्हा किल्लेदार फत्तेखान बेट शिवाजी महाराजांच्या हवाली करायला तयार झाला. तट तोच होता, तोफा त्याच होत्या, खाडीही तीच. आटला होता तो पाठीमागचा आधार. फत्तेखानाला कैद करणाऱ्या सिद्दी सरदारांनी १६७०-७१च्या सुमारास मोगलांची चाकरी धरली आणि सुरतेचा पैसा मिळवला. जंजिऱ्याच्या इतिहासातला हा क्षण मला कोणत्याही समुद्री लढाईपेक्षा मोठा वाटतो.

यावर सरळ आक्षेप असा, की मराठ्यांची गलबते हलकी होती, मोठ्या तोफांपुढे त्यांचे काही चालत नसे. खुल्या समुद्रापुरते ते खरे आहे. १६७९च्या ऑक्टोबरात खांदेरी बेटाजवळ इंग्रजांच्या ‘रिव्हेंज’ने मराठी आरमार मागे रेटले. पण खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. समोरचा थळचा किनारा महाराजांचा होता. रात्रीच्या अंधारात तिथून निघालेल्या होड्या बेटावर रसद पोचवत, आणि उथळ पाण्यात इंग्रजी जहाजांना त्यांचा पाठलाग जमत नसे. जानेवारी १६८०मध्ये इंग्रजांनी हात आखडता घेतला. किनारा हाती असला की हलकी गलबतेही पुरी पडतात, हे खांदेरीने दाखवले. म्हणूनच सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली.

औरंगाबाद शहराला आज ज्यांचे नाव आहे, त्या संभाजी महाराजांनी १६८१च्या अखेरीस जंजिऱ्यावर निकराचा मारा केला आणि किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्र भरून काढायचे काम घेतले. तोच जानेवारी १६८२मध्ये मोगल सरदार हसन अलीखान कल्याणच्या बाजूला उतरला आणि महाराजांना वेढा सोडून परतावे लागले. त्यानंतर मार्चमध्ये औरंगजेब औरंगाबादेस येऊन बसला. सिद्दीने हा वेढा केवळ आपल्या जहाजांच्या जोरावर उठवला असे कोणी म्हणत असेल, तर कल्याणकडची ही फौज तो हिशेबातून गाळतो. १६८९-९०चा मुंबईचा वेढाही तेच सांगतो: सिद्दी याकूतखानाने इंग्रजांना किल्ल्यात कोंडले, पण सुटकेसाठी इंग्रजांना वकील धाडावे लागले ते बादशहाच्या छावणीत. दीड लाखाचा दंड कबूल करून त्यांनी फर्मान मिळवले, तेव्हा सिद्दी मुंबईतून हलला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. औरंगजेब गेला, मोगली जोर ओसरला, तरी जंजिरा का टिकला? १७३३मध्ये बाजीरावांनी मोहीम काढली, सिद्दीकडे गेलेला रायगड परत आला, १७३६मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सिद्दी सात याला ठार केले. बेट मात्र राहिले. तटाची मजबुती इथे मान्य करावीच लागते. मराठ्यांच्या बाजूची फूटही मानावी लागते: १७३३च्या ऑगस्टमध्ये मराठी आरमाराचे प्रमुख सेखोजी आंग्रे वारले आणि त्यांचे भाऊ संभाजी व मानाजी एकमेकांवर उठले. पण त्याच सुमारास मुंबईकर इंग्रज सिद्दीच्या मदतीला उभे राहिले होते. सुरतेच्या तिजोरीची जागा मुंबईच्या वखारीने घेतली होती.