विश्लेषण : घोडेस्वारी शिकायची, पण पागा कशी पारखायची?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की पुणे, मुंबई, नाशिकच्या आसपासच्या घोडेस्वारी क्लबांच्या जाहिराती मोबाइलवर दिसू लागतात. ‘दहा दिवसांत घोडेस्वारी’, ‘मुलांचा आत्मविश्वास वाढवा’ अशा ओळी आणि सोबत हिरवळीवर दौडणाऱ्या घोड्याचे छायाचित्र. पालक फोन करतात तेव्हा फी, वेळ आणि घरापासूनचे अंतर विचारतात. ज्या घोड्याच्या पाठीवर मूल बसणार, त्याची चौकशी मात्र क्वचितच होते. तो साडेचारशे किलोच्या आसपास वजनाचा, भित्रा आणि स्वतःची मर्जी असलेला प्राणी असतो. तो दुखत-खुपत असेल, थकलेला असेल किंवा या कामासाठी तयारच झालेला नसेल, तर उत्तम शिक्षकाचाही उपयोग होत नाही. म्हणून क्लब निवडताना आधी घोडा बघायचा, मग मैदान आणि फीचा कागद सगळ्यात शेवटी.

दर्जा तपासणारे कोणी आहे का?

इंग्लंडमध्ये पैसे घेऊन घोडेस्वारी शिकवायची तर स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. पशुवैद्य घोड्यांची तपासणी करतो आणि तीन वर्षांपेक्षा कमी वयाचा घोडा शिकवणीला वापरता येत नाही. भारतात अशी स्वतंत्र परवाना पद्धत रुळलेली नाही. भारतीय अश्वारोहण महासंघ आहे, त्याला अनेक क्लब संलग्न आहेत. पण ही संलग्नता प्रामुख्याने स्पर्धांसाठी उपयोगी पडते. भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहून आठ वर्षांच्या नवशिक्या मुलीला तिथे कसे शिकवले जाते हे कळत नाही. ते काम पालकालाच करावे लागते आणि त्यासाठी घोड्यांतले तज्ज्ञ असण्याची गरज नाही. सकाळचा एक तास पुरतो.

फेरी आणि धडा यात फरक काय?

माथेरान, महाबळेश्वर किंवा चौपाटीवर घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो आणि बसणारा खोगिराला घट्ट धरून फोटो काढून घेतो. ही फेरी झाली. ती दहा वेळा केली तरी घोडेस्वारी येत नाही, कारण घोड्याशी बोलणारा माणूस जमिनीवरच असतो. काही क्लब नेमके हेच ‘कोर्स’ म्हणून विकतात. वीस मिनिटे गोल फिरवून आणले, पुढचा विद्यार्थी बसवला, संपले.

खऱ्या धड्याची सुरुवात जमिनीवर होते. घोड्याजवळ कोणत्या बाजूने जायचे, मागच्या पायांपासून अंतर का ठेवायचे, खरारा कसा करायचा, तंग किती आवळायचा, हे आधी शिकवले जाते. मग शिक्षक लांब दोरीवर घोडा गोलात फिरवतो आणि विद्यार्थी लगामाला हात न लावता तोल सांभाळायला शिकतो. मराठीत ज्याला ‘मांड’ म्हणतात ती इथे तयार होते. मांड नसलेला नवशिका तोल जाताच लगामाला लोंबकळतो; लोखंडी कडी घोड्याच्या तोंडात रुतते, घोडा मान झटकतो आणि नवशिका खाली येतो. पहिल्याच दिवशी हातात लगाम देऊन ‘चल, पळव’ म्हणणारा शिक्षक मुलाला आवडतो, यात नवल नाही. पालकाने मात्र तिथेच सावध व्हावे.

साध्या चालीवरून दुडकीवर, दुडकीवरून दौडीवर जायला किती दिवस लागतील हे आधी सांगता येत नाही. दुडकीत घोड्याचे पाय तिरक्या जोडीने पडतात आणि पाठ दर पावलाला उसळते; त्या ठेक्यावर उठ-बस जमायलाच अनेकांना काही आठवडे लागतात. म्हणून ‘दहा दिवसांत’ हा शब्दच मुळात संशयास्पद. दहा दिवसांत ओळख होते, एवढेच.

घोड्याकडे नेमके काय पाहायचे?

शक्यतो न कळवता, सकाळी धडे सुरू होण्याच्या अर्धा तास आधी जावे. खोगीर अजून चढलेले नसते. मानेच्या मुळाशी असलेला पाठीचा उंचवटा, तंग बसतो ती छातीखालची जागा आणि तोंडाचे कोपरे या तीन ठिकाणी जखम, सूज किंवा केस गेलेला चट्टा आहे का ते पाहावे. त्या चट्ट्यांवर पांढरे केस आले असतील तर जुनी जखम भरली आहे. ओली खपली असेल आणि त्याच घोड्यावर थोड्या वेळाने खोगीर चढत असेल, तर पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही. जखम असलेल्या किंवा अशक्त जनावराला कामाला जुंपणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हाही आहे.

फासळ्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. कंबरेची हाडे टोकदार दिसत असतील तर चारा कमी पडतो आहे. घोड्याचे पोट लहान लहान घासांसाठी घडलेले असते. त्याला दिवसाकाठी शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साधारण सात ते नऊ किलो कोरडी वैरण लागते. नुसत्या चंदीवर, म्हणजे दाण्यावर, ठेवलेला घोडा पोटदुखीने आजारी पडतो आणि चिडचिडाही होतो. ठाणात गवत आहे का, बादलीत स्वच्छ पाणी आहे का, खाली कोरडे अंथरूण आहे की लीद-मुताचा चिखल, हे दारातूनच दिसते. उग्र वास डोळ्यांत झोंबत असेल तर तो घोड्याच्या फुप्फुसांतही जातो.

खुरांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. खुराची वाढ नखासारखी सतत चालू असते. नालबंदाने सहा ते आठ आठवड्यांनी येऊन ती छाटावी लागते. शेवटचा नालबंद कधी आला होता, एवढा प्रश्न सईसाला विचारला तरी पुरे. सईस, म्हणजे जुन्या भाषेतला मोतद्दार, तारीख सांगतो की टाळतो, यावरून बरेच कळते. एकूणच, मालकापेक्षा त्याच्याशी बोललेले बरे. घोडे त्याला ओळखतात का, तो जवळ गेल्यावर ते मान पुढे करतात की कान मागे पाडून बाजूला होतात, हे पाहावे. कान मागे चिकटवणे ही घोड्याची उघड धमकी असते. तंग आवळताना चावायला येणारा घोडा ‘खोडकर’ आहे असे सांगितले जाते. अनेकदा त्याची पाठ किंवा पोट दुखत असते.

मग घोडा दुडकीवर चालताना पाहावा. पुढचा एक पाय टेकताना दर वेळी त्याचे डोके वर उचलले जात असेल, तर तो त्या पायाने लंगडतो आहे. असा घोडा शिकवणीत दिसणे म्हणजे क्लबकडे घोडे कमी आणि विद्यार्थी जास्त आहेत. चांगल्या ठिकाणी प्रत्येक घोड्याने दिवसात किती धडे केले याची फळ्यावर किंवा वहीत नोंद असते आणि आठवड्यातून एक दिवस घोड्यांना सुट्टी असते. ती वही दाखवा म्हटल्यावर दाखवणारा क्लब निम्मी परीक्षा तिथेच पास होतो.

रेसचे घोडे शिकवणीला चालतात का?

मुंबई-पुण्याकडच्या क्लबांमध्ये अनेक घोडे रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड असतात. त्यात गैर काही नाही. उलट कोवळ्या वयात रेस संपलेल्या घोड्याला त्यामुळे पुढचे आयुष्य मिळते. प्रश्न मधल्या काळाचा आहे. रेसच्या घोड्याला लहान वयापासून एकच गोष्ट शिकवलेली असते, ती म्हणजे पळणे. जॉकीने लगाम घट्ट धरला की तो त्याला रेटून वेग घेतो. घाबरलेला नवशिका नेमके तेच करतो, लगाम खेचतो. घोड्याला वाटते, शर्यत सुरू झाली.

असा घोडा शांत करून, नव्याने शिकवून नवशिक्यांखाली आणायला महिने जातात, काही घोडे तर त्यासाठी कधीच योग्य ठरत नाहीत. त्यामुळे ‘हा रेसमधून कधी आला आणि नवशिके याच्यावर कधीपासून बसतात’ हा प्रश्न नावानिशी प्रत्येक घोड्याबद्दल विचारावा. पहिल्या धड्यांसाठी दहा-पंधरा वर्षांचा, थोडा आळशी वाटणारा घोडा सर्वांत उत्तम. देखणा, सतत नाचणारा घोडा जाहिरातीसाठी ठीक.

वजनाचा हिशेब कसा करायचा?

आईवडिलांनाही शिकावेसे वाटते, तेव्हा हा प्रश्न येतो. सर्वसाधारण संकेत असा की, स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावे. ४५० किलोच्या घोड्यावर ही मर्यादा ९० किलो होते. त्यातले सात-आठ किलो खोगिराचे. अडीचशे किलोच्या तट्टावर ती ५० किलोवर येते. ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टाच्या पाठीवरील ओझ्याला ७० किलोची कमाल मर्यादा आहे आणि पारा ३७ अंशांवर गेला असताना दुपारी १२ ते ३ या वेळेत त्याला काम देण्यास मनाई आहे. हे नियम शिकवणीसाठी लिहिलेले नाहीत, पण विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारची बॅच ठेवणाऱ्या क्लबला ते दाखवायला हरकत नाही. प्रौढाचे वजन न विचारता घोडा देणारा क्लब मुलाच्या बाबतीतही फार विचार करत नसणार.

पडण्याचे काय?

घोडेस्वारी शिकणारा कधी ना कधी पडतो. पडणार नाही असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पडल्यावर काय करता, हे विचारावे. हेल्मेट घोडेस्वारीचेच हवे, सायकलचे किंवा क्रिकेटचे नव्हे. त्याच्या आत ‘एएसटीएम एफ ११६३’ किंवा तत्सम मानकाची खूण असते. जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बाद करायचे असते, त्यामुळे क्लबची वर्षानुवर्षे वापरलेली, पट्टा लोंबणारी हेल्मेटे पाहिली तर स्वतःचे घेणे शहाणपणाचे. बुटाला अर्धा-पाऊण इंच टाच हवी. सपाट तळव्याचा बूट रिकिबीतून आरपार जातो आणि पडलेला स्वार घोड्यामागे फरफटतो, हा या खेळातला सर्वांत भीषण अपघात.

मैदानाला कुंपण आहे का, जमीन मऊ वाळूची आहे की खडकाळ, एका शिक्षकाकडे एका वेळी किती नवशिके आहेत, शिक्षक धडा देताना फोनवर असतो का, जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, हे सगळे एका फेरीत समजते. मुलाचे धनुर्वाताचे लसीकरण पूर्ण असावे. त्याचे जंतू लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात. ‘ग्लँडर्स’ हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र त्याची तपासणी करते आणि घोड्यांच्या रक्तचाचणीचे अहवाल जबाबदार क्लबांकडे असतात. ते मागितल्यावर कोणी रागावले, तर तेही एक उत्तरच.

फी आणि सहीचा कागद…

फी शहराप्रमाणे आणि क्लबप्रमाणे खूप बदलते. किती मिनिटे प्रत्यक्ष घोड्यावर, किती जणांच्या गटात, घोडा आजारी पडला किंवा पाऊस आला तर धडा भरून मिळतो का, हे लेखी घ्यावे. आधी एक-दोन सुटे धडे, मग महिना. तीन महिन्यांचे पैसे एकदम भरण्याची घाई नको. ‘दुर्घटनेस क्लब जबाबदार नाही’ असा अर्ज जवळपास सगळीकडे भरून घेतला जातो. त्यावर सही केली म्हणून निष्काळजीपणाचा जाब विचारण्याचा हक्क आपोआप संपतो असे नाही. पैसे देऊन घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. विमा नेमका कोणाचा आहे, क्लबचा, घोड्याचा की विद्यार्थ्याचा, हेही विचारून ठेवावे.

स्वतःचा घोडा कधी घ्यायचा?

हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारतीय ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकले. या खेळात भारताला ४१ वर्षांनी मिळालेले हे सुवर्ण, आणि संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. त्यानंतर काही पालकांना दुसऱ्याच महिन्यात घोडा विकत घ्यावासा वाटू लागला, काही क्लबही तसे सुचवतात. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. शिकणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षे बिनदिक्कत बारगीर राहावे. वेगवेगळ्या स्वभावाच्या घोड्यांवर बसल्यानेच मांड पक्की होते, आणि घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, तर मुलाची दहावी पाच वर्षांतच येते.

हाच हिशेब क्लबलाही लागू आहे. शिकवणीचा घोडा विशीच्या आसपास थकतो, त्यानंतरही त्याला वैरण, नालबंद आणि डॉक्टर लागतातच. निघताना मालकाला एवढे विचारावे : तुमचे म्हातारे घोडे कुठे आहेत? काही ठिकाणी मालक पागेच्या मागच्या कुरणात घेऊन जातो आणि एकेकाची नावे सांगतो. काही ठिकाणी ‘दिला गावाकडे’ असे उत्तर मिळते.