आधी देवाचं काम

आपण म्हणतो, प्रार्थनेला वेळच मिळत नाही. बाबेलहून परतलेले यहूदी लोकही म्हणत, मंदिर बांधायची वेळ अजून आलेली नाही. पाया घालून सोळा वर्षं होत आली होती. त्यांची स्वतःची घरं मात्र सजली होती. इ.स.पू. ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्यानं नेमकं यावर बोट ठेवलं : राबता एवढं, तरी हाती उरत का नाही? तेवीस दिवसांत काम पुन्हा सुरू झालं. विरोध होताच, तरीही ते थांबले नाहीत.

आपणही दिवसभराचा उरलासुरला वेळ देवाला देतो, तोही झोप डोळ्यांवर आल्यावर. उद्या सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी आपण गुडघे टेकू या. पाच मिनिटं का होईना, पहिली त्याची.